जुन्या नाण्यांचा शोध: डिटेक्टर एक, घरचे चार

मातीशोध

जमिनीतलं नाणं आवाजाने दाखवणारा मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा यावर पुष्कळ चर्चा झाली आहे. पण यंत्र घरात आलं आणि दोन मोठी माणसं नि दोन पोरं त्या एका यंत्रामागे मैदानात उभी राहिली की पुढे काय करायचं, यावर क्वचितच कुणी लिहितं. बहुतेक घरांत गाडी इथेच अडते. एकजण यंत्र फिरवतो, बाकीचे बघत बसतात, अर्ध्या तासात पोरं कंटाळतात आणि यंत्र माळ्यावर जातं.

कामं वाटून घेतली की हे टळतं. फिरवणं, नेमकी जागा पकडणं, खणणं आणि नोंद ठेवणं ही चार कामं. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलायची. पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हातात यंत्र देऊ नका, पिनपॉइंटर द्या. हा हातात मावणारा छोटा शोधक दोन ते पाच सेंटिमीटरवरचा धातू दाखवतो आणि धातू जवळ आला की थरथरतो. त्याचा निकाल लगेच कळतो, त्यामुळे मूल टिकून राहतं. सर्वसाधारण यंत्राचं वजन सव्वा ते दीड किलो असतं आणि बराचसा भार पुढे कॉइलकडे, म्हणजे जमिनीवरून फिरवायच्या गोल तबकडीकडे, असतो. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी सहा इंची छोटी कॉइल लावली तर पुढचा भार कमी होतो. खोली थोडी घटते, पण चालतं. पोरांनी पकडलेला माल तसाही वरच्या दहा सेंटिमीटरमधलाच असतो.

दांड्याची लांबी प्रत्येकासाठी पुन्हा लावा, हे कंटाळवाणं असलं तरी. सरळ उभं राहून हात सैल सोडला की कॉइल पायाच्या बोटांपुढे वीतभर अंतरावर जमिनीलगत समांतर आली पाहिजे. दांडा लांब राहिला तर मनगट दुखतं, आखूड राहिला तर कंबर. दुखायला लागलं की माणूस कॉइल वर उचलून फिरवायला लागतो आणि खरा तोटा तिथे होतो. कॉइल जमिनीपासून एक-दोन सेंटिमीटरवर आणि समांतर राहिली पाहिजे. नवशिक्याचा फेर दोन्ही टोकांना दहा-पंधरा सेंटिमीटर वर जातो, म्हणजे मधली पट्टी सोडून बाकी सगळं तपासल्याचा नुसता भास. खोलीबाबत एक गणित लक्षात ठेवा. कॉइलच्या व्यासापलीकडे गेल्यावर नाण्यासारख्या लहान वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो: अंतर दुप्पट, तर सिग्नल चौसष्टाव्या भागावर. वरचे फुकट गेलेले पाच सेंटिमीटर संवेदनशीलतेचं बटण पिळून परत मिळत नाहीत.

एक फेर, डावीकडून उजवीकडे, साधारण दोन सेकंदांचा. पुढचा फेर आधीच्या फेरावर निम्मा चढला पाहिजे. लाकडी खुंट्या आणि सुतळीने पाच बाय पाच मीटरचे चौकोन आखा (लोखंडी खुंटी ठोकाल तर दिवसभर तीच वाजेल). चौकोन आधी उभा तपासा, मग आडवा. आडवा कशासाठी? खिळ्याशेजारचं नाणं पुष्कळदा एकाच दिशेने बोलतं.

बुटांकडेही बघा. तळव्यात पोलादी पट्टी असलेला बूट प्रत्येक फेराच्या टोकाला 'सापडलं' म्हणतो.

खणण्याबद्दल याच धाग्यात खुरपेवाली लिहितील, त्यांचा हात त्यात बसलेला आहे.

किणकिण

दोन यंत्रं असलेल्या घरांसाठी एक भर. एकाच वारंवारतेची दोन यंत्रं जवळ आली की एकमेकांना ऐकतात आणि दोन्ही टकटक करू लागतात. लोकांना वाटतं यंत्र बिघडलं. आठ-दहा मीटर अंतर ठेवा, नाहीतर यंत्रात वारंवारता किंचित सरकवायची सोय असेल तर एकाची सरकवा. मोबाईल विमान मोडवर टाका आणि कॉइलच्या बाजूच्या खिशात ठेवू नका. वरून विजेची तार जात असेल तर संवेदनशीलता दोन-तीन पायऱ्या खाली आणा. पूर्ण ताणलेलं, बडबडणारं यंत्र थोडं उतरवून शांत केलेल्या यंत्राहून कमी शोधतं, कारण बडबडीत नाण्याचा आवाज बुडतो.

कॉइलची वायर दांड्याभोवती घट्ट गुंडाळलेली हवी. सैल वायर कॉइलवर हेलकावे खात असेल तर प्रत्येक फेराला खोटा आवाज येतो.

भुईचाफा

ग्राउंड बॅलन्स, म्हणजे यंत्र मातीशी जुळवून घेणं, कितीदा करायचा? पुस्तिकेत 'गरजेनुसार' एवढंच लिहिलंय.

मातीशोध

@भुईचाफा, सुरुवातीला एकदा, आणि मग माती बदलली की. शेतातून पायवाटेवर, कोरड्यातून ओलीत, उतारावरून सखलात गेलात की पुन्हा. आधी फेर मारून धातू नसलेली जागा शोधा, नाहीतर मातीऐवजी खिळ्याशीच जुळवून बसाल. बॅलन्सचं बटण दाबून धरा आणि कॉइल जमिनीपासून दोन सेंटिमीटर ते पंधरा सेंटिमीटर अशी सरळ खाली-वर करा, आवाज स्थिर होईपर्यंत. बेसाल्टपासून झालेल्या काळ्या मातीत आणि मॅग्नेटाइटच्या काळ्या वाळूत ही पायरी टाळलीत तर यंत्र जमिनीलाच धातू समजतं, किंवा खोल नाण्याचा आकडा (कोणता धातू असेल त्याचा पडद्यावरचा अंदाज) ओढून लोखंडाकडे नेतं. ज्या यंत्रात बॅलन्स कारखान्यातूनच पक्का केलेला असतो, त्याच्याकडून अशा मातीत फार अपेक्षा ठेवू नका.

खुरपेवाली

खड्डा. डिटेक्टरवाल्यांची बदनामी होते ती यंत्रामुळे नाही, मागे राहिलेल्या खड्ड्यांमुळे होते. एका घराने गवत विसकटून ठेवलं की मालक पुढच्या दहा जणांना नाही म्हणतो.

आधी जागा पकडा. सिग्नलवर डावी-उजवी रेघ मारा, मग नव्वद अंशांत वळून दुसरी. दोन्ही रेघा छेदतात तिथे नाणं. डीडी कॉइलचा (आत डी आकाराची दोन वेटोळी असलेल्या कॉइलचा) संवेदनशील भाग मधल्या उभ्या पट्टीवर असतो, म्हणून कॉइल मागे ओढत आणताना आवाज तुटतो ती जागाही बघून ठेवा. बहुतेक डीडी कॉइलवर ती पुढच्या टोकाशी येते. कॉन्सेंट्रिक, म्हणजे एकात एक गोल वेटोळी असलेल्या, कॉइलला हे सोपं जातं, बरोबर मध्यभाग.

गवताळ जमिनीत घोड्याच्या नालेसारखा तीन बाजूंनी काप घ्या. मध्यापासून आठ-दहा सेंटिमीटर बाहेरून, आठ-दहा सेंटिमीटर खोल, पातं सरळ उभं. चौथी बाजू बिजागरीसारखी जोडलेलीच ठेवा. मुळं तिथून जिवंत राहतात, आणि गवत कापणारं यंत्र वरून गेलं तरी गठ्ठा उपटून येत नाही. उलटलेल्या गठ्ठ्याच्या खालच्या अंगाला आधी पिनपॉइंटर लावा. नाणं पुष्कळदा तिथेच अडकलेलं असतं आणि लोक खड्ड्यात खाली खणत सुटतात. सुटी माती गवतावर टाकायची नाही, शेजारी पसरलेल्या कापडावर टाकायची, म्हणजे परत भरताना चिमूटभरसुद्धा मागे राहत नाही. नाणं मिळाल्यावर खड्ड्यावर कॉइल पुन्हा फिरवा. एकाखाली दुसरं असणं अगदी शक्य आहे. मग माती भरा, गठ्ठा बसवा, पायाने दाबा, गवताची पाती वर काढा.

खुरप्याचं टोक सिग्नलच्या मध्यात खुपसणं हा सगळ्यात महाग पडणारा उतावीळपणा. तांब्याच्या नाण्यावर पडलेला खोल ओरखडा जन्मभर राहतो. पोरांना 'बाहेरून आत' हे दोन शब्द पाठ करून घ्या.

उन्हाने कडक झालेल्या हिरवळीवर मात्र अजिबात काप घेऊ नका. मुळं तुटलेला गठ्ठा आठवड्यात पिवळा पडतो आणि जमिनीवर टिकल्या उमटतात. पाऊस पडून गेल्यावर एक-दोन दिवसांनी जा. ओलसर मातीत काप स्वच्छ येतो, सिग्नलही सहसा बरा मिळतो. नांगरलेल्या शेतात काप वगैरे काही नको, फावड्याचा एक घास काढून बाजूला ठेवायचा, त्यावर कॉइल फिरवायची, वाजलं तर फोडायचा, नाही तर दुसरा. उभ्या पिकात जायचं नाही, हे सांगायला नको.

हातमोजे सगळ्यांना. काचा आणि पत्र्याच्या कडा नाण्यांपेक्षा जास्त सापडतात. धनुर्वाताची लस चालू आहे का तेही तपासून घ्या. शिशाचे तुकडे हाताळून झाल्यावर खाण्याआधी साबणाने हात धुवायचे.

भुईचाफा

आता खरा प्रश्न. खिळे सापडून सापडून मुलं वैतागतात. डिस्क्रिमिनेशन (नको तो धातू गाळायची सोय) लावून लोखंड गप्प करावं ना?

किणकिण

मुलांसोबत असताना, हो. लोखंड बंद, बाकी सगळं चालू. पण ॲल्युमिनियमचा पातळ कागद (फॉइल) आणि पेयाच्या डब्यांच्या ओढून उघडायच्या कड्या बंद करायच्या नाहीत, कारण त्यांच्याच आकड्यांच्या पट्ट्यात निकेलची नाणी आणि सोन्याच्या बारीक अंगठ्या बसतात. यंत्र धातू ओळखत नाही. वस्तूत उठलेल्या प्रवाहाला किती उशीर होतो ते मोजतं. त्यात वाहकता, आकार आणि जाडी सगळं मिसळलेलं असतं. म्हणून चांदीचं पातळ, लहान, हातोड्याने पाडलेलं नाणं जाड चांदीच्या नाण्यापेक्षा बरंच खाली वाजतं.

मातीशोध

इथे माझं मत वेगळं आहे. लोखंडाचा आवाज बंद करू नका, फक्त खालच्या पट्टीत आणि हळू ठेवा. दोन कारणं. एक, लोखंड दाट वाजतं तिथे कधीकाळी वस्ती, दार, गोठा किंवा गाडीवाट होती, आणि नाणी पडतात तीही माणसं वावरतात तिथेच. आवाज बंद केलात तर हा नकाशाच पुसला जातो. दुसरं, पूर्ण गप्प केलेल्या खिळ्याशेजारी नाणं असेल तर बरीच यंत्रं दोघांनाही गप्प करतात. खिळ्यामागून अर्धवट उमटणारी चिवचिव कानाला कळते, पडद्यावरच्या आकड्याला कळत नाही.

किणकिण

मान्य, पण हे ऐकायला कान तयार हवा. दहा वर्षांच्या मुलाला पहिल्याच दिवशी लोखंडाची किरकिर ऐकवाल तर ते हेडफोन काढून ठेवेल. पहिले काही दिवस लोखंड बंद, मग चालू, असं करा. आणि मोठ्या लोखंडाची फसवणूक त्यांना लवकर दाखवा. रुंद, चपटं किंवा भोक असलेलं लोखंड, उदाहरणार्थ वायसर किंवा गंजलेलं पोलादी झाकण, वरच्या आकड्यावर, अगदी चांदीसारखं वाजू शकतं. त्याची परीक्षा सोपी: नव्वद अंश वळा. नाणं दोन्ही दिशांनी एकाच आकड्याभोवती राहतं, लोखंडाचा आकडा उड्या मारतो आणि आवाज फाटतो.

दुसरी परीक्षा डब्यांसाठी. कॉइल दहा-पंधरा सेंटिमीटर वर उचला. आवाज तसाच दणदणीत आणि पसरट राहिला तर खाली डबा किंवा पत्रा आहे. नाण्याचा आवाज उचलताच झपाट्याने विरतो.

मातीशोध

पहिल्या दिवसांपुरतं लोखंड बंद, हे पटलं.

घरच्या घरी शिकण्यासाठी जमिनीची एक पट्टी तयार करा. तिच्यातला धातू आधी डिटेक्टरने शोधून काढून टाका. मग पाच, दहा आणि पंधरा सेंटिमीटरवर एकेक नाणं सपाट पुरा, दहा सेंटिमीटरवर एक उभं, आणि एका नाण्याशेजारी तीन सेंटिमीटरवर एक खिळा. अर्धा मीटर अंतर सोडून, प्रत्येकावर लाकडी पट्टी आणि तिच्यावर लिहिलेली खोली. उभं नाणं किती हळू वाजतं ते ऐकलं की मुलांना फेर खाली ठेवण्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही. ताज्या उकरलेल्या मातीत यंत्र जरा वेगळं वागतं, म्हणून पट्टी पाऊस खाऊन बसली की पुन्हा तपासा.

पाटीपुसणी

नाण्यांच्या बाजूने थोडं. आकडा बघून नाणं ओळखायला बसू नका, पण वर्ष दिसत नसताना वजन, व्यास आणि आकडा तिन्ही मिळून खूप सांगतात. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा आणि साधा कॅलिपर घरात हवा. अमेरिकेचं चांदीचं क्वार्टर (पाव डॉलर) १९६४ पर्यंत ६.२५ ग्रॅम, १९६५ पासूनचं तांबं-निकेलचं ५.६७ ग्रॅम. इथे काटा पुरतो. ब्रिटनच्या सिक्सपेन्सचं (सहा पेन्सच्या नाण्याचं) तसं नाही. त्यात १९२० साली चांदी ९२.५ वरून ५० टक्क्यांवर आली, १९४७ पासून चांदी गेलीच, तरी वजन २.८३ ग्रॅमच राहिलं. तिथे काटा मुका, पण डिटेक्टर फरक सांगतो: चांदी वर वाजते, तांबं-निकेल बरंच खाली.

नव्या नाण्यांचेही चकवे आहेत. ब्रिटनचे एक आणि दोन पेन्स १९९२ पासून तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे आहेत, त्यामुळे ते लोखंडाच्या वळणाने वाजतात आणि चुंबकाला चिकटतात. अमेरिकेचा सेंट १९८२ मध्ये जस्ताचा झाला, ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर. जस्त जमिनीत लवकर सडतं. अर्धवट खाल्लेला सेंट भलत्याच आकड्यावर बोलतो आणि माणूस मोठ्या आशेने खणतो.

भुईचाफा

सापडलेलं नाणं मुलं लगेच पँटला घासतात. चालेल का? घरी आणून टूथपेस्ट, लिंबू?

पाटीपुसणी

यातलं काहीच चालणार नाही. मातीत वाळूचे कण असतात. ओलं नाणं अंगठ्याने चोळलं की ते कण चेहऱ्यावरून, अक्षरांवरून फिरतात. चांदी मऊ असते, आणि जमिनीत खूप काळ राहिलेल्या तांब्यावर अक्षरांचा तपशील पुष्कळदा वरच्या हिरव्या-तपकिरी थरातच शिल्लक असतो. तो थर गेला की राजा गेला, खाली खड्डेदार चकती उरते. शेतात फक्त एवढंच करायचं: मोठी ढेकळं बोटाने हलकेच सोडवायची, नाणं एकट्याने छोट्या डबीत ओलसर मातीसकट ठेवायचं. एकाच पिशवीत नाणी खुळखुळवायची नाहीत, खिळ्यांबरोबर तर मुळीच नाही. दोन पिशव्या असू द्या, एक नाण्यांच्या डब्यांची, एक कचऱ्याची. कचरा परत खड्ड्यात टाकायचा नाही, नाहीतर पुढच्या खेपेला तोच पुन्हा वाजेल.

घरी ऊर्ध्वपातित पाण्यात भिजत ठेवा, रोज पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माती आपोआप सुटते, हट्टी कण बांबूच्या काडीने, भिंगाखाली. पुसायचं नाही, टिपायचं. लिंबू आणि व्हिनेगर तांब्याला गुलाबी उघडं करतात. टूथपेस्ट म्हणजे बारीक पॉलिश, चांदीवर ओरखड्यांचं जाळं. ॲल्युमिनियमची फॉइल, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी चांदीवरचा काळा सल्फाइडचा थर उतरतो हे खरं, पण त्याबरोबर जुना रंगही उतरतो, आणि संग्राहकाला तोच हवा असतो.

किणकिण

ऑलिव्ह तेलात महिनोन् महिने बुडवून ठेवणारे आहेत की. पिढ्यान् पिढ्या चालत आलेली पद्धत आहे.

पाटीपुसणी

आहेत, आणि कठीण कवच मऊ होतं हेही खरं. पण तेल आम्लधर्मी असतं, लांबच्या मुक्कामात तांब्याचा रंग गडद करतं आणि भेगांत शिरून बसतं. तेल लागलेल्या नाण्यावर पुढे संवर्धनतज्ज्ञाला काम करणं अवघड जातं. माझा नियम साधा आहे: नाणं ओळखता येत असेल तर पाण्यापुढे जाऊ नका.

एक गोष्ट मात्र वेळेत ओळखा. तांब्या-कांशाच्या नाण्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी, बोटाला लागणारी पुटं आली तर तो नुसता हिरवा थर नाही, क्लोराइडचा रोग आहे. हवेतल्या ओलाव्याबरोबर तिथे आम्ल तयार होतं, ते पुन्हा तांबं खातं, आणि चक्र चालूच राहतं. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं काढा, सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत, आर्द्रता ४० टक्क्यांखाली ठेवा आणि मौल्यवान असेल तर जाणकाराकडे न्या. रसायनं घरी, मुलांसमोर, वापरायची नाहीत. साठवणीला पीव्हीसीची मऊ पाकिटं नकोत, काही काळाने चिकट हिरवट थर सोडतात. पीईटीची पाकिटं किंवा पुठ्ठ्याच्या चौकटी घ्या.

कचऱ्यातल्या आधुनिक, दर्शनी किमतीच्या नाण्यांचा प्रश्न वेगळा. ती वाळू-पाणी घालून गोल डब्यात फिरवली तरी चालतात. पोरांना तेवढी मजा. फक्त तांब्याची आणि निकेलची वेगवेगळी फिरवा, नाहीतर सगळी लालसर होतात.

नियमावली

इतका वेळ कुणी परवानगीचं बोललं नाही, म्हणून लिहिते. जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या. त्यात कोणतं शेत, कोणत्या तारखा, सापडलेल्या वस्तूंची वाटणी कशी, एवढं असू द्या. सार्वजनिक जमीन कुणा ना कुणाच्या अखत्यारीत असतेच.

देशागणिक कायदा फार बदलतो. इंग्लंड-वेल्समध्ये ट्रेझर ॲक्ट १९९६ लागू आहे: तीनशे वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच ठेव्यातली असतील तर चौदा दिवसांत कॉरोनरला (अशा ठेव्यांची चौकशी करणाऱ्या तिथल्या अधिकाऱ्याला) कळवावं लागतं. हलक्या धातूची असतील तर दहा नाण्यांपासून. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय डिटेक्टर वापरणं तिथे गुन्हा आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा, सापडलेल्या जुन्या वस्तूंवर तिथे राजसत्तेचा हक्क असतो. आयर्लंडमध्ये पुरातन वस्तू शोधण्यासाठी परवान्याशिवाय डिटेक्टर वापरताच येत नाही. अमेरिकेत राष्ट्रीय उद्यानांत बंदी आहे, आणि संघराज्याच्या व आदिवासींच्या जमिनीवर शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९ चा कायदा लागतो. भारतात १८७८ चा निखात निधी कायदा अजून आहे: जमिनीत दडलेला, दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणं बंधनकारक. दहा रुपये हा आकडा तेव्हाचाच राहिला आहे, म्हणजे व्यवहारात जवळपास कोणतंही जुनं नाणं त्यात येऊ शकतं. शिवाय १९५८ च्या कायद्याखालच्या संरक्षित स्मारकांच्या आवारात परवान्याशिवाय खणता येत नाही. गड-किल्ले हा 'शोधायला छान जागा' असा विषयच नाही.

भुईचाफा

आणि खरंच ढीग सापडला तर?

नियमावली

थांबायचं. एकाच खड्ड्यात तीन-चार जुनी नाणी आली किंवा मडक्याचा काठ दिसला की खुरपं खाली ठेवायचं. माती परत झाकायची, जागेची नोंद आणि फोटो घ्यायचे, अधिकाऱ्यांना कळवायचं, आणि पोरांना ताकीद द्यायची की शाळेत बोलायचं नाही.

२०१० साली इंग्लंडमधल्या सॉमरसेट परगण्यात, फ्रोमजवळ, एका डिटेक्टरवाल्याला रोमन नाण्यांनी भरलेला मोठा मातीचा रांजण सापडला. त्याने उकरलं नाही, पुरातत्त्वज्ञांना बोलावलं. त्यांनी रांजण थराथराने रिकामा केला: ५२,५०३ नाणी, सुमारे १६० किलो. त्यातली रोमन ब्रिटनवर राज्य करणाऱ्या कारॉशियसची म्हणजे सगळ्यात अलीकडची नाणी वर नव्हती, बरीच खाली होती. त्यावरून कळलं की रांजण वर्षानुवर्षं थोडा थोडा भरलेला नसून बहुधा एकदमच भरला गेला. सगळी नाणी बादलीत ओतून घरी नेली असती तर नाणी तेवढीच राहिली असती, पण ही गोष्ट कायमची गेली असती.

सुट्या नाण्यांनाही हेच लागू आहे. प्रत्येकाला क्रमांक, जीपीएस स्थान, खोली, तारीख, सोबत काय होतं, आणि मापाची पट्टी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो. नोंदीचं काम ज्या मुलाचं अक्षर बरं, त्याला द्या. वर्षभराने ते ठिपके नकाशावर टाकले की शेताच्या एका कडेला त्यांची रांग दिसते, आणि तिथे जुनी वाट होती हे कळतं.

अजून एक. लांबट, जड, पंखासारखी पाती असलेली गंजकी वस्तू दिसली की ती तोफगोळा किंवा बॉम्ब असू शकते. हात लावायचा नाही, फोडून बघायचं नाही, जागा लांबून खुणेने दाखवायची, सगळ्यांना मागे न्यायचं आणि पोलिसांना फोन.

खुरपेवाली

नाणं कुणाचं, हे घरातून निघण्यापूर्वीच ठरवा. फिरवणाऱ्याचं, खणणाऱ्याचं, की सगळ्यांच्या एका अल्बमचं? अल्बम बरा पडतो. त्यात नाण्याखाली चौघांची नावं कामासकट लिहायची. नाहीतर पहिल्या चांदीच्या नाण्यावर भांडण ठरलेलं.

ओलीवाळू

धागा वाचत होतो, समुद्रकिनारा राहिला. कोरड्या वाळूत कोणतंही यंत्र चालतं आणि मुलांसाठी ती जागा उत्तम, खणायला काहीच श्रम नाहीत. पाण्यालगतच्या ओल्या खारट वाळूत मात्र एकाच वारंवारतेचं यंत्र वेड्यासारखं बोलतं, कारण खारं पाणी स्वतःच वाहक आहे. तिथे बहुवारंवारतेचं यंत्र किंवा पल्स इंडक्शन (विजेचे तुटक ठोके सोडणारं यंत्र) हवं. पल्स इंडक्शन खोल जातं, पण लोखंड आणि चांदी यांत जवळजवळ फरक करत नाही, म्हणजे सगळंच खणावं लागतं. साध्याच यंत्रावर भागवायचं असेल तर संवेदनशीलता निम्म्यावर आणा, कॉइल चार-पाच सेंटिमीटर वर धरा आणि भरतीच्या रेषेच्या वरच्या कोरड्या पट्ट्यातच राहा.

वादळानंतर लाटांनी वाळू कापून जिथे पायरीसारखा कडा तयार केलेला असतो, तिथे जुना थर उघडा पडतो. कड्याच्या तळाशी आधी फिरवा. चाळणीच्या फावड्याची भोकं दहा-बारा मिलिमीटरची असतात, त्याहून बारीक नाणी खाली गळतात, म्हणून गळलेल्या वाळूवरही एकदा कॉइल फिरवा.

भुईचाफा

आमच्या यंत्राची कॉइल पाण्यात चालते असं लिहिलंय. म्हणजे यंत्र पाण्यात नेलं तर?

ओलीवाळू

नाही. पुष्कळ यंत्रांची कॉइल पाणरोधक असते, वरची पेटी नसते. पेटीपासून वीतभर खालीपर्यंतच पाणी येऊ द्या, आणि लाट आली की मुलं यंत्र खाली टाकून पळतात हे गृहीत धरा. पेटीवर जाड प्लास्टिकची पिशवी रबराने बांधलेली बरी. घरी आल्यावर कॉइल, दांडा आणि दांड्याचे जोड गोड्या पाण्याने धुवा, बॅटरीच्या कप्प्याला पाणी लागू देऊ नका. कॉइलचं खालचं संरक्षक कव्हरही काढा. आत काळी वाळू साठते, आणि मग पुढच्या वेळी यंत्र हवेतसुद्धा वाजतं.